श्रद्धेची सक्ती आणि सैनिकाचे मन



गेल्या बुद्धपौर्णिमेला विहारातील वंदना आटोपून मी घरी येतो न येतो तोच आमच्या वस्तीतील एक माउली दारात येऊन उभी राहिली. पांढरी साडी, हातात विझलेली मेणबत्ती. चेहरा मात्र सणाच्या दिवसाचा नव्हता.

"गुरुजी, पोराला चार शब्द सांगा. तुम्ही त्याला शिकवलंय. तुमचं तो ऐकंल."

तिचा मुलगा माझा विद्यार्थी. बारावी झाल्यावर भरतीला धावला, पहिल्याच प्रयत्नात घेतला गेला. आज त्याला सैन्यात पाच वर्षे झाली. दर महिन्याला घरी पैसे येतात, त्या पैशांवर धाकट्या बहिणीचे शिक्षण चालले आहे. अशा मुलाबद्दल आईची तक्रार काय असावी?

"आज सणाचा दिवस," ती म्हणाली. "भगवंतापुढं सगळी बसलो. हा आपला ओट्यावर. म्हटलं, ये बाबा, हात जोड. तर म्हणतो, मी काहीच मानत नाही. देव मानत नाही, धर्म मानत नाही, मूर्तीपुढं हात जोडत नाही. गुरुजी, आम्ही दीक्षा घेतली तवा मी माझ्या हातानं घरातले देव पोत्यात भरून नदीत सोडले. भावकीनं सहा वर्षं लग्नाकार्याला बोलावलं नाही. ते सगळं सोसलं ते ह्याच्यासाठीच ना?"

मी तिला म्हणालो, "मावशी, त्याला उद्या सकाळी पाठवा. मी समजावतो."

वाचकहो, मी खरोखरच त्याला समजावणार होतो. माझ्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. वस्तीतील लोक अर्ज लिहून घ्यायला येतात, भांडण सोडवायला येतात, तसेच पोरांना समजावायलाही बोलावतात. रात्री मी काय बोलायचे ते मनात जुळवून ठेवले होते. पण सकाळी झाले उलटेच. तो बोलला आणि मी ऐकत राहिलो.

तो म्हणाला, "सर, आमच्याकडे ठरलेल्या दिवशी मंदिर परेड असते. सगळे फॉलइन होऊन जातात, मीही जातो. चप्पल बाहेर काढतो, शांत बसतो, कुणाची टिंगल करत नाही. एकदा आरतीच्या वेळी मी हात जोडले नाहीत. एका वरिष्ठाने पाहिले. नंतर विचारले, तू हिंदू ना? माझ्या कागदावर हिंदूच आहे, कारण शाळेच्या दाखल्यावर तेच होते. मी म्हटलं, घरचे बौद्ध आहेत. ते म्हणाले, मग बुद्धाचाही फोटो आहे तिथे, त्याला जोड. मी म्हटलं, साहेब, मी कुणालाच जोडत नाही. ते म्हणाले, मग तुझ्यावर गोळी आली तर तू कुणाचं नाव घेशील?"

मी विचारले, "मग तू काय म्हणालास?"

"काही नाही. हुकूम मानायची सवय आहे, गप्प राहिलो. पुढचा महिनाभर जास्तीच्या ड्यूट्या आल्या. त्याचं मला काही वाटलं नाही. पण सर, तिथे ते म्हणतात हात जोड, इथे आई म्हणते हात जोड. मला यातला फरक कळत नाही. तुम्हाला कळत असेल तर सांगा."

मला त्या क्षणी उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे त्या उत्तराचा शोध आहे. तो मी तुमच्यासमोर मांडतो, कारण हा प्रश्न एकट्या त्या माउलीच्या घरचा नाही. आज धर्मांतरित घरांतील मुले शिकत आहेत, सैन्यात, पोलिसात, निमलष्करी दलांत जात आहेत. उद्या तुमच्याही ओट्यावर असा एखादा मुलगा बसलेला असेल.

प्रथम प्रश्न नीट समजून घेऊ. सैनिक हा काही साधा नोकरदार नव्हे. कारकुनाला साहेबाचा हुकूम पटला नाही तर तो राजीनामा देऊन घरी येऊ शकतो. सैनिकाला तसे करता येत नाही. कुठे राहायचे, कधी झोपायचे, कधी उठायचे, कोणत्या डोंगरावर चढायचे, हे सारे त्याला दुसरा सांगतो. शेवटी प्राणही हुकमावर द्यायचे असतात. ज्याने आपला देह इतका दुसऱ्याच्या स्वाधीन केला, त्याचे मन तरी त्याचे स्वतःचे राहते की नाही? आणि हिंदू, मुसलमान, शीख, ख्रिस्ती सैनिकाच्या श्रद्धेला जर सैन्य मान देते, तर ज्याची कशावरच श्रद्धा नाही त्याच्या मनाला मान मिळावा की नाही?

आपली राज्यघटना याबाबत काय म्हणते ते पाहू. २५ व्या अनुच्छेदात धर्मस्वातंत्र्य आहे हे आपल्याला ठाऊक असते. पण त्या अनुच्छेदातील शब्दांचा क्रम आपण पाहत नाही. तिथे पहिला शब्द धर्माचा नाही. आधी सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य येते आणि मग धर्म प्रकट करणे, आचरणे, त्याचा प्रसार करणे येते. आणि हा हक्क सर्व 'व्यक्तींना' दिला आहे, केवळ श्रद्धावंतांना नाही. ज्याची विवेकबुद्धी त्याला देवळाकडे नेते त्याला तो हक्क आहे, आणि ज्याची विवेकबुद्धी त्याला देवळाच्या दारातून परत आणते त्यालाही तोच हक्क आहे. मसुदा समितीचे अध्यक्षपद पूज्य बाबासाहेबांकडे होते हे तुम्हाला सांगण्याची गरज नाही.

कोणी म्हणेल, सैनिकांचे हक्क वेगळे असतात. खरे आहे. ३३ व्या अनुच्छेदाने संसदेला सैनिकांचे मूलभूत हक्क मर्यादित करण्याचा अधिकार दिला आहे. त्यानुसार १९५० च्या सैन्य कायद्याच्या २१ व्या कलमात कशावर बंधने घालता येतील ते सांगितले आहे: संघटनांचे सभासद होणे, सभा आणि निदर्शने यांत भाग घेणे, वृत्तपत्रांशी बोलणे. या यादीत श्रद्धा नाही. म्हणजे सैनिकाच्या तोंडावर कायद्याने काही कुलपे घातली. त्याच्या मनाला त्या कलमाने कुलूप घातलेले नाही.

आणखी एक गोष्ट. सैन्यात दाखल होताना जी निष्ठेची शपथ घ्यावी लागते तिच्यात दोन वाटा ठेवलेल्या आहेत. ईश्वराच्या नावाने शपथ घ्यावी, किंवा ईश्वराचे नाव न घेता गांभीर्यपूर्वक दृढकथन करावे. निष्ठा राज्यघटनेशी, दोन्ही वाटांनी सारखीच. प्राण धोक्यात आले तरी हुकूम पाळीन हे वचन दोन्हींत सारखेच. म्हणजे देव न मानणारा माणूस चांगला सैनिक होऊ शकतो, हे आपल्या कायद्याने केव्हाच मान्य केले आहे. पण कायदा एक आणि रिवाज एक असे आपल्या देशात नेहमीच चालते. अनेक केंद्रांत कसम परेडीला धर्मग्रंथ पुढे ठेवून शपथ घेण्याची प्रथा आहे. एकोणीस वर्षांच्या पोराला कोण सांगणार की बाबा, तुला दुसरी वाटही आहे? त्याला ते ठाऊक नसते, आणि रांगेतून बाहेर पडून विचारण्याचे धाडसही नसते.

आपले सैन्य धर्माच्या बाबतीत उदार आहे हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री असे धर्मशिक्षक सैन्यात नेमले जातात. लडाखी जवानांसाठी बौद्ध भिक्खूही घेतले जातात. अनेक छावण्यांत एकाच छताखाली सर्व धर्मांची प्रार्थनास्थळे असतात. माझ्या विद्यार्थ्याच्या वरिष्ठाने त्याला बुद्धाचा फोटो दाखवला तो द्वेषाने नव्हे, आपल्या परीने उदारपणानेच. पण उदारपणाचीही एक मर्यादा असते. "तुला हवा तो देव निवड" हे स्वातंत्र्य आहे, पण अपुरे आहे. "यांपैकी एक निवडलाच पाहिजेस" असे त्याच्या पोटात दडलेले असते.

हा प्रश्न दुसऱ्या देशात कसा सुटत गेला ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत तो अनेक वर्षे न्यायालयांत आणि लष्करी कचेऱ्यांत गाजला. आणि त्याच्या आरंभी उभे आहेत आपलेच धम्मबांधव.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकाच्या गळ्यात ओळखीची जी धातूची चकती असे, तिच्यावर धर्मासाठी एक अक्षर कोरत. अक्षरे तीनच: एक प्रोटेस्टंटांसाठी, एक कॅथॉलिकांसाठी, एक ज्यूंसाठी. बौद्धांसाठी अक्षर नव्हते. १९४३ साली जपानी वंशाच्या अमेरिकन तरुणांची ४४२ वी रेजिमेंट उभी राहिली. त्यांतील कित्येक बौद्ध घरांतील होते. त्यांच्या समाजाच्या सुमारे १,२०,००० लोकांना सरकारने काटेरी तारांच्या छावण्यांत कोंडले होते. ही मुले मात्र इटलीत आणि फ्रान्समध्ये त्याच सरकारसाठी लढली आणि त्या सैन्यातील सर्वांत जास्त शौर्यपदके मिळवणाऱ्या तुकड्यांत त्यांची गणना झाली. लढताना त्यांच्यासोबत जे धर्मगुरू दिले होते ते सारे ख्रिस्ती. बौद्ध म्हणून मरण्याचीही त्यांना सोय नव्हती. ज्याच्यासाठी तीनांपैकी एकही अक्षर खरे नव्हते, त्याच्या चकतीवरची जागा कोरी राहायची, नाहीतर तिथे दुसऱ्याचे अक्षर बसायचे.

वाचकहो, ही कोरी जागा आपल्याला ओळखीची वाटत नाही काय? दाखल्यावर एक, मनात एक, आणि अर्जातील रकान्यात तिसरेच. अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांना १९९० पर्यंत केंद्राच्या सवलती नव्हत्या. तोपर्यंत किती घरांनी पोटासाठी रकान्यात खोटे लिहिले आणि रात्री भगवंतापुढे डोळे पुसले, ते आपण जाणतो. तुमच्यासाठी रकानाच नाही, असे ऐकण्याचे दुःख काय असते ते आपल्याइतके कोणाला कळणार?

त्याच युद्धात एक म्हण अमेरिकन सैन्यात लोकप्रिय झाली: खंदकात नास्तिक सापडत नाही. अर्थ असा की गोळ्या सुटू लागल्या की सगळ्यांना देव आठवतो. माझ्या विद्यार्थ्याला विचारलेला प्रश्न हाच नव्हता काय? फक्त देश वेगळा, भाषा वेगळी. पण ही म्हण खरी नाही. खंदकात नास्तिक होते, आजही आहेत, त्यांनी जखमा सोसल्या आणि प्राणही दिले. आणि समजा एखाद्याने भीतीपोटी देवाचे नाव घेतले, तरी त्यातून देव सिद्ध होत नाही, भीती सिद्ध होते. तिच्याबद्दल कोणी लाजू नये. पण तिलाच धर्माचा पाया करू नये.

पुढे याच प्रश्नावर तिथे एक मोठा खटला झाला. वेस्ट पॉइंट, अनॅपोलिस आणि हवाई दलाची प्रबोधिनी या तीन ठिकाणी अमेरिकेचे भावी अधिकारी तयार होतात. तिथे रविवारी प्रार्थनेला जाणे सक्तीचे होते. न गेल्यास शिक्षा होई, प्रसंगी काढूनही टाकले जाई. काही विद्यार्थी न्यायालयात गेले. सरकारने बचाव काय केला? सरकार म्हणाले, ही उपासना नाहीच, हे प्रशिक्षण आहे. पुढे ज्यांचे नेतृत्व करायचे त्या सैनिकांच्या धर्मभावना अधिकाऱ्याला समजाव्यात म्हणून त्यांना तिथे बसवतो. १९७२ साली वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने हा बचाव फेटाळला आणि प्रार्थनेची सक्ती रद्द केली. त्याच वर्षाच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालण्यास नकार दिला. सक्ती उठली. त्या प्रबोधिन्या ओस पडल्या नाहीत, की तिथले अधिकारी बेशिस्त झाले नाहीत. ज्यांना प्रार्थनेला जायचे ते जात राहिले, आणि आता आपल्या पायांनी जात राहिले.

तरी प्रश्न संपला नाही. २०१४ साली अमेरिकन हवाई दलातील एका सैनिकाने पुन्हा भरती होताना शपथेतील ईश्वराला साक्ष ठेवणारे शब्द खोडले. त्याचा अर्ज अडवला गेला. अनेक वर्षे चांगली सेवा केलेल्या माणसाला केवळ त्या शब्दांसाठी घरी बसवायची वेळ आली. मग कायदेतज्ज्ञांचे मत मागवले गेले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हवाई दलाने जाहीर केले की ते शब्द गाळता येतील. २०१७ साली तिथल्या संरक्षण खात्याने श्रद्धा आणि विचार यांच्या नोंदीची यादी मोठी केली. तिच्यात दोनशेहून अधिक नोंदी झाल्या आणि मानवतावादी म्हणवणाऱ्यांनाही स्थान मिळाले. तीन अक्षरांपासून दोनशे नोंदींपर्यंतचा हा प्रवास आहे.

त्यांच्या सैनिकांच्या थडग्यांवर सरकारी खर्चाने जो दगड लावतात त्यावर मृताच्या श्रद्धेचे चिन्ह कोरता येते. मान्य चिन्हांच्या यादीत क्रूस आहे, दाऊदाचा तारा आहे, चंद्रकोर आहे. त्याच यादीत आपले धम्मचक्र आहे, आणि त्याच यादीत नास्तिकांसाठी अणूचे चिन्ह आहे. एकेकाळी ज्याला अक्षर मिळत नव्हते तो बौद्ध, आणि ज्याला काहीच नको तो नास्तिक, दोघेही शेवटी एका यादीत शेजारी आले. हे आपोआप झाले नाही. कोणीतरी अर्ज केले, कोणीतरी निमूटपणे शिक्षा सोसली.

आता दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. ती दुबळी नाही. सैन्यातील जाणते लोक म्हणतात की पलटण ही एका कुटुंबासारखी असते. एकत्र जेवण, एकत्र खेळ, एकत्र पूजा, यातून माणसे एकमेकांसाठी मरायला तयार होतात. त्यात एकाने अंग चोरले तर एकोपा तुटतो. आपल्याकडे हा प्रश्न नुकताच न्यायालयात आला. शीख जवानांच्या तुकडीवर नेमलेला एक ख्रिस्ती अधिकारी त्यांच्या धार्मिक परेडीला जाई, पण गाभाऱ्यात जाऊन पूजाविधीत भाग घेण्यास नकार देई. २०२१ साली त्याला सेवेतून काढले गेले. ३० मे २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ती कारवाई योग्य ठरवली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप करण्यास नकार दिला. न्यायालयांनी शिस्तीला आणि अधिकाऱ्याच्या आपल्या जवानांप्रति असलेल्या जबाबदारीला महत्त्व दिले.

न्यायालयाचा निर्णय पाळणे हे नागरिकाचे कर्तव्य आहे, आणि त्यावर विचार करणे हा नागरिकाचा हक्क आहे. मला यातील अर्धी गोष्ट पटते. अधिकाऱ्याने आपल्या जवानांच्या सुखदुःखात, सणावारात त्यांच्याजवळ असावे, हे बरोबरच आहे. मी शिक्षक आहे. माझ्या वर्गातील मुलांच्या घरी ईद असो की नाताळ, मी जातो. पण जवळ असणे वेगळे आणि पूजा करणे वेगळे. मंदिराच्या दारात पहारा द्यायला सांगा, नास्तिकाने डोळ्यांत तेल घालून दिला पाहिजे. परेडीत उभे राहायला सांगा, त्याने ताठ उभे राहिले पाहिजे. तिथे गोंधळ करणाऱ्याला, इतरांच्या धर्मभावना हेतुपुरस्सर दुखावणाऱ्याला सैन्य कायद्यात शिक्षा आहे आणि ती असावीच. पण "हात जोड" हा हुकूम कोणत्या कामाचा? हात जोडल्याने नेम चुकत नाही की सुधारत नाही. आणि मनातून न जोडलेले हात पाहून कोणत्या देवाला आनंद होणार आहे? शिस्त खोटेपणावर उभी केली तर ती शिस्त राहत नाही, सोंग होते. जो जवान रांगेत खोटे वागायला शिकला तो उद्या अहवालातही खोटे लिहायला शिकेल.

एकोप्याबद्दल आपल्याला तर कोणी शिकवू नये. आपल्या पूर्वजांनी इंग्रजांच्या पलटणींत रक्त सांडले. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार त्याच सैन्यातले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच समाजाला भरतीची दारे बंद झाली, कारण इतरांना त्याची जवळीक नको होती. तेव्हाही पलटणीचा एकोपा हेच कारण ऐकवले जाई. १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली तेव्हा ते दार पुन्हा उघडले. त्याच वर्षी बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर होते. म्हणून एकोप्याचे नाव घेऊन कोणाला बाजूला सारले जाते तेव्हा आपण दोनदा विचार केला पाहिजे.

आता, वाचकहो, सर्वांत अवघड भागाकडे येतो. सैन्याला चार शब्द सांगणे सोपे आहे. घराचे काय? माझ्या विद्यार्थ्याने विचारले होते: तिथला हुकूम आणि इथला आग्रह, यांत फरक काय?

मी त्याला म्हणणार होतो, "अरे, तो दुसऱ्यांचा देव आणि हा आपला धम्म, हा फरक." पण हे उत्तर ओठांवरच थांबले. कारण सक्ती कोणाच्या नावाने केली यावरून तिचा चांगुलपणा ठरत नाही. दुसऱ्याने केली तर जुलूम आणि आपण केली तर संस्कार, असा न्याय तथागतांच्या धम्मात नाही.

सिंह सेनापतीची कथा आठवा. वैशालीचा हा सेनापती निगंठांचा उपासक होता. बुद्धाची कीर्ती ऐकून तो भेटीला आला, प्रश्न विचारले, समाधान झाले आणि त्याने तिथेच शरण जाण्याची इच्छा सांगितली. एवढा मोठा सेनापती आपल्याकडे येतो आहे म्हटल्यावर दुसऱ्या कोणी नगारे वाजवले असते. तथागत म्हणाले, नीट विचार कर. तुझ्यासारख्या नामवंत माणसाने विचारपूर्वकच पाऊल टाकणे बरे. आणि त्याने विचारपूर्वक उपासकत्व स्वीकारल्यावर सांगितले की तुझे घर आजवर निगंठांना दान देत आले आहे, ते दारी आले तर त्यांना देणे थांबवू नकोस. एका सैनिकाच्या मनाला इतका मान कोणी दिला आहे? कालामांनाही त्यांनी तेच सांगितले: ऐकीव म्हणून नव्हे, परंपरा म्हणून नव्हे, गुरू सांगतो म्हणूनही नव्हे, स्वतः पारखून घ्या. तथागताने आपल्या शब्दावरही सक्तीचा शिक्का मारला नाही. मग आपण कोण मारणार?

कोणी विचारील, मग नास्तिक आणि बौद्ध एकच काय? नाही. आपण सृष्टिकर्ता ईश्वर मानत नाही, इथवर दोघांची वाट एक आहे. पण बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात दाखवले की धम्मात देवाच्या जागी नीती आहे. देव काढून टाकला आणि जागा रिकामी ठेवली, असे बौद्धाला चालत नाही; तिथे शील यावे लागते. म्हणून जो मुलगा म्हणतो "मी काहीच मानत नाही", त्याला आपण विचारायचे ते हे नाही की तू हात का जोडत नाहीस. विचारायचे हे की तू कसा वागतोस? निरपराधाला मारतोस काय? चोरी करतोस काय? बाईमाणसाशी कसा वागतोस? खोटे बोलतोस काय? दारू पितोस काय?

मी त्या माउलीला हेच विचारले. ती म्हणाली, "दारूला शिवत नाही. रमचा कोटा दुसऱ्याला देतो म्हणं. पगार सगळा घरी. खोटं बोलत नाही, म्हणून तर माझ्या तोंडावर बोलला."

"मग मावशी, त्यानं पंचशीलातलं काय मोडलं?"

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पण गुरुजी, मला एकटीला बसावं लागतं."

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. तिचे दुःख तत्त्वाचे नव्हते, सोबतीचे होते. त्या दुःखाला मी नाव ठेवणार नाही. पण सोबत मागणे आणि श्रद्धा मागणे यांत फरक आहे, एवढे मी तिला सांगितले. "त्याला म्हणा, माझ्याशेजारी बस. हात जोड म्हणू नका."

आणि मला स्वतःलाही काही कबूल करायचे आहे. त्या सकाळी उठून जाताना तो मुलगा म्हणाला, "सर, पाचवीत प्रार्थनेच्या वेळी मी डोळे मिटले नव्हते म्हणून तुम्ही मला उन्हात उभे केले होते." मला ते आठवत नव्हते. त्याला आठवत होते. मी रोज शेकडो मुलांना हात जोडायला लावतो आणि त्यात कोणावर काही लादतो असे मला कधी वाटले नाही. नाशिककडील एका शिक्षकाने शाळेच्या प्रार्थनेत हात जोडण्यास नकार दिला, म्हणून त्याची वेतनवाढ रोखली गेली. २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. तो निकाल मी वाचला होता, पण तो माझ्या वर्गालाही लागू आहे हे मला माझ्या विद्यार्थ्याने सांगावे लागले. आता माझ्या शाळेत प्रार्थनेच्या वेळी शांत उभे राहणे पुरेसे आहे. डोळे मिटले की नाहीत ते मी पाहत नाही.

म्हणून, धम्मबांधवांनो, माझे सांगणे थोडक्यात असे. तुमची मुले-मुली सैन्यात जात असतील तर त्यांना आधीच समजावून सांगा की शपथेला दोन वाटा आहेत आणि दोन्ही सारख्याच मानाच्या आहेत. रकान्यात खरे असेल तेच लिहा. बौद्ध असाल तर बौद्ध लिहा. कोणताच धर्म मानत नसाल तर तसे म्हणण्याचाही हक्क आहे. नागरिकाला धर्म जाहीर करण्याची सक्ती सरकार करू शकत नाही आणि मला धर्म नाही असे तो म्हणू शकतो, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी दिला आहे. त्रास झाला तर भांडू नका, रांग मोडू नका. रीतसर वरिष्ठांकडे लेखी मांडा. दुसऱ्याच्या श्रद्धेची थट्टा करू नका, कारण थट्टा हीदेखील एक सक्तीच असते. आणि घरात? घरात शीलाचा आग्रह जरूर धरा. हात जोडण्याचा आग्रह सोडून द्या.

आपण धर्मांतर केले ते एका सक्तीतून दुसऱ्या सक्तीत जाण्यासाठी नव्हे. जन्माने मिळालेला धर्म नाकारण्याचा हक्क आपण वापरला, म्हणून आपण आज बौद्ध आहोत. तो हक्क आपल्यापाशी येऊन संपला असे आपण कसे म्हणू शकतो? जो आपल्याहून पुढे जाऊन "मला कोणताच नको" म्हणतो, त्याचा हक्क राखला तरच आपला हक्क खरा. नास्तिकाच्या स्वातंत्र्याचा बांध फुटला की पुढचे शेत आपले आहे.

रजा संपण्याच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांच्या घरावरून चाललो होतो. आतून वंदनेचा आवाज येत होता. ती माउली मेणबत्ती लावून बसली होती. तो तिच्याशेजारी बसून सकाळच्या गाडीसाठी बूट पुसत होता. हात जोडलेले नव्हते, पण तो आत बसला होता. तिने त्याच्याकडे पाहिले नाही आणि तिचा सूरही चुकला नाही. मी न थांबता पुढे गेलो.

जयभीम! नमो बुद्धाय!